कोर्टात नवीन आहात आणि लोक कामापेक्षा चेहऱ्यावरच बोलतायत? मग हे करा

इंदूरला जिल्हा कोर्टात नाहीतर हायकोर्टाच्या बेंचला नवीन आलेल्या मुलामुलींना पहिल्या वर्षी कायद्याचं कमी आणि दिसण्याचंच जास्त ऐकवलं जातं, हे मी रोज बघते. जरा रंग उजळेल असं काहीतरी लाव, वजन कमी कर, पिंपल्सचं बघ, मुलगा असेल तर आत्ताच टक्कल पडायला लागलं मग क्लायंट कसा येणार. बोलणारे आपल्या भल्याचंच सांगतायत असं वाटतं आणि मग पोरं कोणाला न सांगता पलासिया नाहीतर विजयनगरच्या क्लिनिकमध्ये जाऊन हप्त्यांवर ट्रीटमेंट सुरू करतात. तुमचं तिथपर्यंत आलं असेल तर आधी हे वाचा.

पहिलं काम म्हणजे नियम स्वतः वाचा, बाररूममध्ये ऐकलेल्यावर जाऊ नका. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ४९ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, ड्रेसचे नियम केलेत. बायकांना पूर्ण बाह्यांचं काळं जॅकेट किंवा ब्लाऊज, पांढरी कॉलर, बँड (गळ्याशी लावायच्या दोन पांढऱ्या पट्ट्या), खाली बिनप्रिंटची पांढरी काळी किंवा फिक्या रंगाची साडी, नाहीतर पांढरा-काळा सलवार कुर्ता. गाऊन फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात लागतो, आणि उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळा कोटसुद्धा सक्तीचा नाही. बस, एवढंच. रंग, वजन, सरळ केलेले केस, मेकअप, हिल्स, यातलं काहीच त्यात नाही. पुण्याच्या जिल्हा कोर्टात ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला वकिलांनी कोर्टात डोक्यावरचे केस सावरू नयेत, कामात अडथळा येतो, अशी नोटीस लागली होती, त्यावर एवढी टीका झाली की ती मागे घ्यावी लागली. म्हणजे नोटीस लागली म्हणून नियम झाला असं पण नाही.

आता जे ऐकू येतं ते दोन भागांत टाका. बँड मळलाय, कोट चुरगळलाय, ब्लाऊजचं बटण लोंबतंय हे कोणी सांगितलं तर थँक यू म्हणा आणि दुरुस्त करा, कारण तो कामाचा भाग आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काळ्या कोटाच्या कॉलरला आतून घामाची पांढरी रेघ उमटते, ती रात्रीच ओल्या फडक्याने पुसून कोट हँगरला लावायचा. बँडचे तीन-चार जोड ठेवा, हलकं स्टार्च करून इस्त्री केलेले, आणि एक जोड फाइलच्या बॅगेत कायम. यावर खर्च करा, बिनधास्त करा. पण जे नाकावर, रंगावर, वजनावर, वयावर आहे ते दुसऱ्या भागात, आणि त्याचं उत्तर क्लिनिकमध्ये नसतं.

सीनियर बोलले तर शांतपणे एकदाच सांगा: "सर, ड्रेसमध्ये काही चुकत असेल तर सांगा, सुधारते. चेहऱ्याचं राहू द्या, ड्राफ्टमध्ये काय कमी पडलं ते सांगा." आवाज न चढवता. क्लायंट म्हणाला "मॅडम, कोई सीनियर नहीं है क्या" तर स्वतःची डिग्री सांगत बसू नका, त्याचीच फाइल उघडा आणि मागच्या तारखेला कोणता साक्षीदार आला नव्हता, समन्स परत कधी काढायचं, पुढची तारीख कोणती ते सांगा. बहुतेक वेळा दोन मिनिटांत त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो.

तरी ट्रीटमेंट घ्यायचीच असेल तर स्वतःला एक विचारा, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी असताना, कोणी बघणारं नसताना पण हे करावंसं वाटतंय का? हो असेल तर तुमचा हक्क आहे, कोणी नावं ठेवू नयेत. पण ज्या आठवड्यात कोणी टोचून बोललंय त्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेऊ नका. डॉक्टरचं नाव मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये शोधा. हेअर ट्रान्सप्लांट कोणी करावं याच्या गाइडलाइन्स नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्येच काढल्यात, ते काम ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरचं आहे, सलूनवाल्याचं नाही. मेडिकलवरून मिळणारी गोरं करणारी मिक्स क्रीम तर अजिबात लावू नका, त्यात स्टिरॉइड असलं की कातडी पातळ होते, चेहरा लाल होतो, केस येतात आणि बंद केलं की सगळं आणखी उफाळून येतं. केमिकल पील (त्वचेचा वरचा थर काढणारी ट्रीटमेंट) करून लगेच एमजी रोडच्या उन्हात एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात धावाल तर डाग वाढतील. बोटॉक्स साधारण तीन-चार महिने टिकतो, म्हणजे खर्च एकदाचा नाही. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला निदान २०,००० रुपये महिना द्यावेत अशी शिफारस केली, तेवढेही कित्येकांना मिळत नाहीत, मग त्यात चेहऱ्याचा हप्ता बसतो का ते कागदावर मांडून बघा. मुरुमं दुखत असतील किंवा केस अचानक झडत असतील तर तो आजार आहे, एमवायच्या, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलच्या, स्किन ओपीडीत दाखवा, त्यात लाजायचं काय.

बोलणं अंगावर, शरीरावर, घाणेरडं व्हायला लागलं तर तारीख, शब्द, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा महिलांसाठी आहे, त्यात ट्रेनी आणि बिनपगारी काम करणाऱ्या पण येतात. ऑफिसात दहापेक्षा कमी लोक असतील तर जिल्ह्याच्या लोकल कमिटीकडे जायचं, आणि तक्रारीला मुदत तीन महिने आहे, ती घालवू नका. नुसत्या रंगावरच्या टोमण्याला हा कायदा लागेलच असं नाही, तिथे ऑफिस बदलणं हा पण मार्ग आहे, आणि त्यात हार वगैरे काही नाही.

ज्युडिशिअरीची, म्हणजे जज होण्याच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांना 'पर्सनॅलिटी लागते' म्हणून घाबरवतात. त्यांना ३ मार्च २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. दृष्टिहीन उमेदवारांना जजच्या भरतीतून बाहेर ठेवणारा मध्य प्रदेशचाच नियम कोर्टाने रद्द केला.

आणि सीनियर मंडळींनो, ज्युनिअर पाहिजे म्हणून ग्रुपवर मेसेज टाकता त्यातून 'प्रेझेंटेबल' काढा आणि फोटो मागू नका. ड्राफ्टिंग येतं का, हिंदी टायपिंग येतं का, सकाळी किती वाजता यायचं आणि महिन्याला किती देणार ते लिहा.