एकांकिका पाहताना नाटककार कसा शोधावा

मुंबईतला मराठी प्रेक्षक एकांकिका पाहतो ती बहुतेक वेळा स्पर्धेत. आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असो, ‘लोकसत्ता लोकांकिका’ असो किंवा चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ असो, एका बैठकीत अनेक प्रयोग डोळ्यांपुढून जातात आणि बाहेर पडताना आठवतात ते सरकते लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे), लाल प्रकाशझोत आणि शेवटचा ब्लॅकआउट. ज्याने हे सारे आधी कागदावर लिहिले, तो नाटककार या गर्दीत हरवतो. आजच्या लेखकांच्या छोट्या नाटकांचा आस्वाद घ्यायचा असेल, तर सादरीकरणाच्या थराखालचे लेखन वेगळे ओळखता यायला हवे. ही सवय लावून घेता येते, आणि ती कशी लावावी याविषयी येथे लिहिले आहे.

पहिला प्रश्न कोणता प्रयोग निवडावा हा. ‘सवाई’ची अंतिम फेरी २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते, आणि वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच तिच्यासाठी पात्र ठरतात, त्यामुळे तिथे निवडक काम एकत्र पाहायला मिळते. तरीही नवख्या प्रेक्षकाने सुरुवात तिथून करू नये, कारण पहाटे तीनला पडदा उघडणाऱ्या एकांकिकेला जागरणाने पेंगुळलेला माणूस न्याय देऊ शकत नाही. एखाद्या संध्याकाळी दोन किंवा तीनच एकांकिका पाहाव्यात आणि दोन प्रयोगांमधल्या वेळेत, शेजाऱ्याचे मत ऐकण्याआधी, आपले मत मनाशी ठरवावे. काही स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या नेपथ्य आणि प्रकाशयोजनेविना होतात. त्या पाहण्याची संधी मिळाल्यास अवश्य साधावी, कारण तिथे संवादांना आधार देणारे दुसरे काहीच नसते आणि लेखन तगते की कोसळते हे काही मिनिटांत कळते.

प्रयोग कोणत्या जागेत होतो आहे, याकडेही लक्ष द्यावे. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे प्रायोगिक नाटक वाढवले, त्यात त्या जागेचा वाटा मोठा होता. नट हाताच्या अंतरावर असे, त्यामुळे पुटपुटलेले वाक्यही पोहोचत असे. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये, १९७८ पासून, प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात आणि नटाची पाठ हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने बोलणारी गोष्ट होते. याउलट दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या कमानी, म्हणजे फक्त समोरून पाहायच्या, रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यावा लागतो, आणि कुजबुजीसाठी लिहिलेला प्रसंग तिथे भांडणासारखा ऐकू येऊ शकतो. तेव्हा ‘लेखकाने फार आरडाओरडा लिहिला आहे’ असे म्हणण्यापूर्वी तोच मजकूर लहान खोलीत दोन खुर्च्यांवर बसून म्हटला असता तर कसा वाटला असता, याची कल्पना करून पाहावी.

तिसरी घंटा झाल्यावर पहिली पाच मिनिटे सर्वांत सावधपणे ऐकावीत. पाऊण तासाच्या मर्यादेत नाटककाराला पात्रांची नाती आणि त्यांचा भूतकाळ सांगायचा असतो, आणि तो हे कसे सांगतो यावर त्याचे कसब कळते. ‘दादा, तुला तर माहीतच आहे, बाबांना जाऊन तीन वर्षे झाली आणि तेव्हापासून ही खोली बंद आहे,’ असे एक भाऊ दुसऱ्याला सांगू लागला, की समजावे की तो भावाशी बोलत नसून प्रेक्षकांशी बोलतो आहे. तीच माहिती चांगला लेखक भांडणातून देतो. ‘किल्ली तुझ्याकडे आहे.’ ‘बाबांनी माझ्याकडे दिली होती.’ ‘दिली होती, की तू काढून घेतलीस?’ एवढ्या तीन वाक्यांत मृत्यू, वाटणी आणि संशय हे तिन्ही येतात, आणि पात्रांना एकमेकांकडून काहीतरी हवे असल्यामुळे ती बोलतात. फोनवरच्या एकतर्फी संभाषणातून कथानक सांगण्याची युक्तीही अशीच तपासावी. ती क्वचित अपरिहार्य असते. बहुधा ती सोय असते.

पुढे कथेपेक्षा नात्यावर नजर ठेवावी. सुरुवातीला खोलीत कोणाचा शब्द चालत होता आणि शेवटी कोणाचा चालतो, आणि हा बदल नेमका कोणत्या वाक्याला झाला, हे शोधावे. ते वाक्य बहुतेक वेळा टाळ्यांचे नसते. छोट्या नाटकात कारणही छोटे असलेले बरे. महेश एलकुंचवार यांच्या ‘होळी’ या एकांकिकेत महाविद्यालयीन मुलांना सणाची सुटी नाकारली जाते, आणि त्या क्षुल्लक वाटणाऱ्या कुरबुरीतून हिंसा उभी राहते. प्रेमानंद गज्वी यांनी ‘घोटभर पाणी’मध्ये जातिव्यवस्थेचा केवढा तरी इतिहास तहानेच्या एका साध्या मागणीतून मांडला. दोन्ही लेखकांनी मोठा विषय मोठ्या शब्दांत सांगितला नाही. आजच्या स्पर्धांमध्ये शेतकरी आत्महत्या, समाजमाध्यमे, दंगल असे विषय वारंवार येतात, आणि विषयाच्या वजनाने प्रेक्षक भारावतो. अशा वेळी लेखकाने त्या विषयासाठी कोणती लहान, हाताला लागणारी घटना निवडली, हे विचारावे. तशी घटना न सापडता नुसती भाषणे सापडली, तर एकांकिका विषयाच्या पुण्याईवर चालली आहे, असे खुशाल समजावे.

आता वगळण्याविषयी. छोट्या नाटकाचे खरे सामर्थ्य माझ्या मते इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेट यांचे १९६५ सालचे ‘कम अँड गो’ हे जेमतेम सव्वाशे शब्दांचे नाटक आहे. तीन स्त्रिया शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. त्यांतली एकेक जण आळीपाळीने अंधारात जाते, आणि ती गेली की मागे उरलेल्या दोघींपैकी एक दुसरीच्या कानात तिच्याविषयी काहीतरी सांगते. काय सांगते, ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्येकीला इतर दोघींचे गुपित ठाऊक आहे आणि स्वतःचे नाही, एवढे मात्र कळते, आणि तेवढे पुरते. ही गोष्ट स्पष्ट सांगितली असती तर तीन बायकांच्या आजारपणाची किंवा दुर्दैवाची हकिकत उरली असती.

मराठीत हीच सवय करण्यासाठी दिवाकरांच्या नाट्यछटा उत्तम आहेत. १९११ पासून लिहिलेल्या या मजकुरांत एकच माणूस बोलतो आणि समोरच्याचे बोलणे त्याच्या प्रतिक्रियांवरून ओळखावे लागते. एखादी नाट्यछटा मोठ्याने वाचावी, आणि न ऐकू आलेल्या माणसाची वाक्ये एका कागदावर लिहून काढावीत. असे काही वेळा केल्यावर नाट्यगृहातही न बोललेले ऐकू येऊ लागते. अर्थात वगळणे आणि विसरणे यांत फरक करावा. न सांगितलेल्या गोष्टीमुळे पात्रे निराळी वागत असतील, तर लेखकाने ती जाणून वगळली आहे. कोणाच्याच वागण्यावर तिचा परिणाम दिसत नसेल, तर ती त्याला सुचलीच नसावी.

प्रेक्षकांच्या प्रतिसादाने फसू नये. महाविद्यालयीन स्पर्धेत ‘आवाज कुणाचा’ या आरोळीने छप्पर हलते, आणि ते वातावरण हवेहवेसेच असते, परंतु त्या टाळ्या आपल्या कॉलेजच्या मित्रांसाठी असतात. हशाही तपासावा. मालवणी, आगरी किंवा वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की मुंबईतले सभागृह पहिल्याच वाक्याला हसते, मग वाक्यात विनोद असो वा नसो. बोलीतले वाक्य मनातल्या मनात प्रमाण मराठीत आणून पाहावे: विनोद उरला तर तो लेखकाचा, नाही उरला तर तो आपल्या शहरी अहंकाराचा. शरीरांनी उभ्या केलेल्या दृश्यांबाबतही असेच. हात वर करून डुलणाऱ्या नटांची लोकल आता इतकी सरावाची झाली आहे की ती आली म्हणून टाळी द्यावी, असे काही उरलेले नाही. मात्र काही लेखन मुळातच शब्दांपेक्षा हालचालींसाठी केलेले असते, तेव्हा दोन खुर्च्यांची कसोटी त्याला लावू नये.

शेवटच्या धक्क्याची कसोटी सोपी आहे. मेलेला माणूसच इतका वेळ बोलत होता, किंवा हे सारे स्वप्न होते, असे कळल्यावर आधीचे प्रसंग आठवावेत. ते आता अधिक अर्थपूर्ण वाटले तर शेवट लेखनातून आला आहे. ते नुसतेच निरुपयोगी झाले असतील, तर प्रेक्षकाला पाऊण तास थांबवून ठेवले, एवढेच झाले.

घरी आल्यावर त्याच रात्री दहा-बारा ओळी लिहाव्यात, आणि त्यांत कथानक सांगू नये. बदलाचे वाक्य, न बोललेली गोष्ट आणि खटकलेली सोय एवढे पुरे. संहिता छापली गेली असेल तर ती मिळवून वाचावी. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या एकांकिका शोधता येतात. एकाच लेखकाच्या तीन-चार गोष्टी लागोपाठ वाचल्या, तर त्याची ओढ कळते. जयंत पवारांचे गिरणगाव किंवा शफाअत खान यांचा विसंगतीवर पोसलेला उपहास एका प्रयोगात पूर्ण हाती लागत नाही.

यशस्वी एकांकिकेचे पुढे दोन अंकी नाटक झाले, तर तेही पाहावे, कारण लेखक काय भर घालतो यावरून मूळ रचनेचा कणा दिसतो. देवेंद्र पेम यांचे ‘ऑल द बेस्ट’ मुळात एकांकिका होती. एक आंधळा, एक बहिरा आणि एक मुका अशा तिघांच्या गैरसमजांचा तो खेळ असल्यामुळे नवनवे प्रसंग जोडून तो लांबवता आला. ज्या एकांकिकेचा जीव एका दडवलेल्या गोष्टीत असतो, तिला मात्र दुसरा अंक जोडताना ती गोष्ट बहुधा बोलून दाखवावी लागते. तेव्हा अशा नाटकाचे तिकीट काढण्यापूर्वी मूळ एकांकिकेची संहिता वाचून ठेवावी.