चीनला निघण्यापूर्वी करावयाची इंटरनेटची तयारी

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांत वीचॅट होते, आणि चीनमध्ये व्हॉट्सॲप २०१७ पासून अडवलेले आहे. त्यामुळे सांगलीतल्या आईवडिलांच्या फोनमध्ये जे ॲप आहे ते वुहानमध्ये शिकणाऱ्या मुलीला उघडत नाही, आणि तिच्या कॉलेजचे सगळे निरोप ज्या ॲपवर येतात ते सांगलीत चालत नाही. एमबीबीएससाठी चीनला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ही अडचण येते, तरीही व्हिसा आणि फी यांच्या धावपळीत तिच्याकडे सहसा शेवटी लक्ष जाते. या लेखात दिलेली जवळजवळ सगळी तयारी भारतात असतानाच पूर्ण करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण अडथळा ओलांडण्याची साधने ज्या संकेतस्थळांवर मिळतात, ती संकेतस्थळेही त्याच अडथळ्याच्या पलीकडे असतात.

चीनच्या मुख्य भूमीवर गूगल शोध, जीमेल, गूगल ड्राइव्ह, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, टेलिग्राम आणि सिग्नल यांपैकी काहीही थेट उघडत नाही. विकिपीडियाच्या सर्व भाषांतील आवृत्त्या एप्रिल २०१९ पासून बंद आहेत, म्हणजे मराठी विकिपीडियाही त्यात आला. हाँगकाँग आणि मकाव येथे ही व्यवस्था लागू नाही.

ही नाकेबंदी नेमकी कशी चालते हे थोडे समजून घेतले, तर पुढे कोणता उपाय का चालतो आणि कोणता का बंद पडतो याचा उलगडा होतो. पहिला अडथळा डीएनएसचा असतो: आपला फोन एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता विचारतो तेव्हा खऱ्या उत्तराच्या आधी खोटे उत्तर पोहोचवले जाते, आणि फोन चुकीच्या ठिकाणी जाऊन ताटकळतो. दुसरा अडथळा आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राच्या क्रमांकाचा. ठरावीक सर्व्हरकडे जाणारी वाहतूक सीमेवरच टाकून दिली जाते. तिसरा अडथळा अधिक बारीक आहे. कूटबद्ध जोडणीतला मजकूर वाचता येत नसला, तरी जोडणीच्या पहिल्या संदेशात संकेतस्थळाचे नाव बहुधा उघडे असते. बंद पाकिटावरचा पत्ता टपालवाल्याला वाचता यावा तसे ते नाव वाचून जोडणी तोडली जाते. चौथा प्रकार सर्वांत चिवट आहे: एखादा परदेशी सर्व्हर संशयास्पद वाटला तर यंत्रणा स्वतःच त्याला चाचणीचे संदेश पाठवते आणि त्याच्या उत्तरावरून तो व्हीपीएनचा, म्हणजे आपली वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेचा, आहे का हे ओळखते. या सगळ्यांत ‘हे संकेतस्थळ बंद आहे’ असा फलक कधी दिसत नाही. पान नुसते फिरत राहते किंवा ‘कनेक्शन रीसेट’ असा संदेश येतो, त्यामुळे नवखा माणूस वायफाय खराब आहे असे समजून राउटरशी झगडत बसतो.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. चीनच्या स्टेट कौन्सिलने (तेथील मंत्रिमंडळाने) १९९६ मध्ये काढलेल्या आणि १९९७ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार परदेशी नेटवर्कशी जोडणी सरकारमान्य मार्गानेच करावी लागते. नियम मोडणाऱ्याला ताकीद देण्याची आणि १५,००० युआनपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. सामान्य वापरकर्त्यांना दंड झाल्याची उदाहरणे आहेत, परंतु यंत्रणेचा मुख्य रोख ही साधने विकणाऱ्यांवर राहिला आहे. ग्वांग्शी प्रांतात विनापरवाना व्हीपीएन सेवा विकणाऱ्या एका माणसाला डिसेंबर २०१७ मध्ये साडेपाच वर्षांचा तुरुंगवास आणि पाच लाख युआन दंड झाला. म्हणून वसतिगृहातल्या मित्रांकडून महिन्याची वर्गणी गोळा करून एका सर्व्हरवर सगळ्यांना जोडून देण्याचा उद्योग कोणीही करू नये. स्वतःपुरता वापर आणि पैसे घेऊन सेवा देणे यांत फार मोठे अंतर आहे. या लेखातील सल्ला आखाती देशांत तसाच लागू करू नये. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलणाऱ्यास कैद अथवा पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुबईत राहणाऱ्यांनी इंटरनेट कॉलसाठी तेथील नियामकाने परवानगी दिलेलीच ॲप वापरावीत.

रोमिंगचा मार्ग प्रथम

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक आणि तांत्रिक दृष्ट्या सर्वांत सोपा मार्ग व्हीपीएनचा नाही, रोमिंगचा आहे. परदेशी सिमवर चीनमध्ये डेटा वापरला की ती वाहतूक चिनी कंपनीच्या टॉवरवरून निघते, पण मूळ कंपनीच्या देशात जाऊन मगच इंटरनेटवर उतरते. त्यामुळे वर सांगितलेल्या अडथळ्यांशी तिची गाठ पडत नाही. भारतीय सिमवर रोमिंग चालू असेल तर विमानतळावर उतरताच व्हॉट्सॲप नेहमीसारखे चालते. त्याच फोनने वसतिगृहाचे वायफाय पकडले की मात्र ते थांबते, आणि हा फरक घरच्यांना आधीच समजावून सांगावा. भारतीय रोमिंग महिनोन्महिने परवडत नाही, म्हणून हाँगकाँगचे सिम किंवा प्रवाशांसाठीची, हाँगकाँग अथवा सिंगापूरमार्गे जाणारी ई-सिम (कार्डाविना फोनमध्ये उतरवून घ्यायचे सिम) हा मधला उपाय ठरतो. ती भारतातच विकत घेऊन फोनमध्ये बसवावी. फोन ई-सिम स्वीकारतो की नाही हे आधी पाहावे. चीनच्या मुख्य भूमीत विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये ती सोय नसते.

भारतीय सिम बंद पडू देऊ नये, याचे कारण फोन कॉलपेक्षा ओटीपी हे आहे. बँक, आधार, डिजिलॉकर सगळे त्या एका क्रमांकाला बांधलेले असते. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, वैधता वाढवणारे रिचार्ज घरच्या माणसाने वेळेवर करत राहावे, आणि दोन सिमचा फोन असेल तर भारतीय सिम डेटा बंद ठेवून फक्त संदेशांसाठी चालू ठेवावे.

व्हीपीएन निवडणे आणि बसवणे

रोज दीड-दोन तास यूट्यूबवरची व्याख्याने पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे काम रोमिंगवर भागत नाही आणि बहुतेक जण शेवटी व्हीपीएनकडे वळतात. ज्यांना कायद्याची वर सांगितलेली बाजू समजूनही तो वापरायचा आहे, त्यांनी किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेवा घ्याव्यात, कारण एक बंद पडली तर तिच्या दुरुस्तीची माहिती मिळवण्यासाठी दुसरी लागते. फुकट व्हीपीएनच्या मोहात पडू नये. सर्व्हर चालवायला पैसा लागतो. तो वापरकर्त्याकडून घेतला जात नसेल तर बहुधा त्याच्या माहितीतून काढला जातो, आणि आपली सगळी वाहतूक ज्याच्या हातातून जाणार तो माणूस कोण आहे हे ठाऊक असलेच पाहिजे.

कोणती सेवा चीनमध्ये चालते हे दर काही महिन्यांनी बदलते, म्हणून जाहिरात बाजूला ठेवून ती जोडणीचा वेश बदलू शकते का हे पाहावे. ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड या सर्वपरिचित पद्धती सुरक्षित आहेत, पण जोडणीच्या सुरुवातीची त्यांची ठेवण ओळखीची असल्याने त्या चटकन पकडल्या जातात. शॅडोसॉक्स नावाचे चिनी प्रोग्रॅमरनेच घडवलेले साधन हा दोष टाळण्यासाठी सगळी वाहतूक निव्वळ विस्कळीत अक्षरांसारखी दाखवत असे. परंतु नोव्हेंबर २०२१ पासून यंत्रणा अशी अति विस्कळीत दिसणारी वाहतूकच अडवू लागली, कारण साधी संकेतस्थळे तशी दिसत नाहीत. त्यानंतर ट्रोजन आणि व्हीलेस यांसारख्या, नेहमीच्या सुरक्षित संकेतस्थळाच्या भेटीसारख्या दिसणाऱ्या पद्धतींकडे जाणकारांचा कल वाढला. सेवा विकत घेताना ‘ऑबफस्केशन’ किंवा ‘स्टेल्थ’ या नावाची सोय आहे का हे विचारावे आणि ती सेटिंगमध्ये कोठे आहे हे मुंबईत बसूनच शोधून ठेवावे. ज्यांना संगणकाची आवड आहे त्यांना आउटलाइन या साधनाच्या मदतीने परदेशात स्वतःचा छोटा सर्व्हर उभारता येतो. मात्र त्याचा आयपी पत्ता अडवला गेला की सर्व्हर नव्याने उभारावा लागतो, ही तयारी असावी. टॉर ब्राउझर, म्हणजे ओळख लपवण्यासाठी वाहतूक अनेक सर्व्हरमधून फिरवणारा ब्राउझर, चीनमध्ये थेट जोडला जात नाही. त्याला स्नोफ्लेक किंवा वेबटनल हे पूल (अडथळा चुकवून टॉरपर्यंत नेणारे मधले दुवे) लागतात आणि वेग फार कमी मिळतो, म्हणून त्याला अडीअडचणीचे साधन मानावे.

आयफोनवाल्यांनी ॲपल खात्याचा देश भारतच ठेवावा. चिनी ॲप स्टोअरमधून व्हीपीएन ॲप २०१७ मध्ये आणि व्हॉट्सॲप एप्रिल २०२४ मध्ये काढले गेले. शिवाय चीन हा देश निवडलेल्या खात्याचा आयक्लाउडवरचा साठा २०१८ पासून ग्वेझौ प्रांतातील चिनी कंपनीकडे आहे. अँड्रॉइड फोन भारतातूनच न्यावा, कारण चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनवर गूगल प्ले नसते. ॲपच्या इन्स्टॉल करावयाच्या फाइल फोनमध्ये, लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर अशा तिन्ही ठिकाणी ठेवाव्यात. गूगल खाते नव्या देशातून उघडताना ओळख पटवण्याची मागणी करते आणि नेमका तोच संदेश पोहोचत नाही. म्हणून गूगल जे दहा आठ-अंकी बॅकअप कोड देते ते कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवावेत. व्हीपीएन कंपनीशी पत्रव्यवहारासाठी जीमेलखेरीज एखादा पत्ता असावा. आउटलुकची मेल चीनमध्ये सहसा व्हीपीएनविना उघडते.

तेथे पोहोचल्यावर

व्हीपीएन दिवसभर चालू ठेवू नये. अलीपे, वीचॅट पे, मेट्रोचे तिकीट, जेवण मागवण्याची ॲप ही सगळी चिनी सर्व्हरवर चालतात आणि व्हीपीएनमधून फेरा घेऊन गेली की रखडतात किंवा खात्यावर संशय घेतात. चांगल्या व्हीपीएनमध्ये ठरावीक ॲप व्हीपीएनच्या बोगद्याबाहेर, म्हणजे थेट जोडणीवर, ठेवण्याची सोय असते. ती वापरून चिनी ॲप बाहेर आणि गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब आत अशी विभागणी करावी. अँड्रॉइडवर व्हीपीएन बंद असताना बऱ्याच ॲपच्या सूचना येत नाहीत, कारण त्या गूगलच्या यंत्रणेतून येतात. रात्री फोन जोडल्यावर दिवसभराचे निरोप एकदम कोसळतात, त्याची घरच्यांनी चिंता करू नये.

एक बारीक गोष्ट अनेकांना छळते. परीक्षेचा किंवा बँकेचा भारतीय फॉर्म चीनमध्ये उघडतो, सगळे रकाने भरता येतात, पण ‘मी यंत्रमानव नाही’ ही चौकट दिसतच नाही आणि सबमिटचे बटण मुके राहते. ते संकेतस्थळ अडवलेले नसते. ती चौकट गूगलकडून येते आणि तेवढाच तुकडा वाटेत अडतो. अशा वेळी फॉर्म पुन्हा पुन्हा भरण्यात वेळ घालवू नये, व्हीपीएन जोडून पान नव्याने उघडावे. उलट बाजूने, काही भारतीय सरकारी संकेतस्थळे परदेशी आयपीला दारच उघडत नाहीत आणि तेथे भारताचा पत्ता देणारा व्हीपीएन लागतो. भारताच्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचा आदेश दिल्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्या आता दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरून भारतीय पत्ता देतात. बहुतेक कामांना तो चालतो. नाही चालला तर तेवढ्या वेळापुरता भारतीय सिमचा रोमिंग डेटा सुरू करावा.

नकाशासाठी गूगल मॅप्सवर विसंबू नये. चीनमधले नकाशे कायद्याने वेगळ्या सहनिर्देशांक पद्धतीत काढले जातात, म्हणून व्हीपीएन लावून गूगल मॅप्स उघडला तरी जागा आणि रस्ता यांत काही शे मीटरचा फरक पडू शकतो. आयफोनवरचा ॲपल मॅप्स किंवा एमॅप हे चिनी नकाशा ॲप हे तेथे व्यवस्थित चालतात.

वीचॅट टाळता येत नाही, पण ते खासगी नाही हे कायम ध्यानात ठेवावे. टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०२० मध्ये दाखवून दिले की, चीनबाहेर नोंदवलेल्या खात्यांनी एकमेकांना पाठवलेल्या फाइल आणि चित्रांचीही तेथे तपासणी होते. व्हीपीएनची चौकशी, त्याचे दुवे, राजकीय चर्चा किंवा सीमेवरच्या तणावाची क्षणचित्रे वर्गाच्या वीचॅट गटात टाकू नयेत. तेथील सिम आणि कॉलेजचे नेटवर्क खाते पासपोर्टवर घेतलेले असते, आणि व्हीपीएनने मजकूर झाकला जातो, आपण व्हीपीएन वापरतो हे झाकले जाईलच असे नाही.

मार्चमधील संसदेची वार्षिक अधिवेशने, ४ जून (तिआनमेनच्या घटनेचा स्मृतिदिन), १ ऑक्टोबर (चीनचा राष्ट्रीय दिन) आणि कम्युनिस्ट पक्षाची महाअधिवेशने यांच्या आसपास नाकेबंदी कडक होते आणि महिनोन्महिने चालणारी साधनेही अचानक बंद पडू शकतात. अशा दिवसांसाठी घरच्यांशी एक क्रम ठरवून ठेवावा: आधी व्हॉट्सॲप, ते न लागल्यास मायक्रोसॉफ्ट टीम्स, जे तेथे सहसा व्हीपीएनविना चालते, दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम, त्यानंतर आउटलुकची मेल, आणि शेवटी साधा फोन. बऱ्याच चिनी सिमवर परदेशी कॉलची सेवा सुरुवातीला बंद असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानात जावे, ती सुरू करून घ्यावी आणि ००९१ लावून घरी एक कॉल करून पाहावा. बीजिंगचा भारतीय दूतावास आणि शांघाय व ग्वांगझौ येथील वाणिज्य दूतावास यांचे क्रमांक त्याच कागदावर, बॅकअप कोडच्या खाली लिहून ठेवावेत.