हिवाळ्यातली पिल्लांची हगवण: डुकरांमधला कोरोना आणि आपली काळजी

डिसेंबर-जानेवारीत ज्यांच्या शेडमध्ये माद्या व्यायला आल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. थंडीत विषाणू शेणात आणि ओल्या फरशीवर जास्त दिवस तग धरतो, आणि नेमकी तेव्हाच पिल्लं सगळ्यात नाजूक असतात.

कोरोना म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं. डुकरांचे कोरोना विषाणू त्याहून बरेच जुने आहेत. टीजीई (जठर आणि आतड्याला सूज आणणारा संसर्गजन्य आजार) १९४६ मध्ये अमेरिकेत नोंदला गेला. पीईडी (डुकरांची साथीची हगवण) हा आजार १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये दिसला आणि २०१३ मध्ये अमेरिकेत शिरला, तेव्हा तिथे लाखो पिल्लं दगावली. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात २०१६-१७ मध्ये वटवाघळांकडून आलेल्या एका नव्या विषाणूने चार फार्मांवर मिळून २४ हजारांहून जास्त पिल्लं मारली. यांची नावं वेगळी असली, तरी पिल्लावर दिसणारा आजार जवळपास सारखाच.

पहाटे शेडमध्ये गेलात की आधी पिल्लांकडे बघा. ती एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून पडली असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. शेपटीखालचा भाग ओला, पिवळसर पाण्यासारखी हगवण, तोंडाजवळ न पचलेल्या दुधाच्या गाठी ओकलेल्या, आणि कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसत नाही, ही चिन्हं दिसली की दुपारपर्यंत थांबू नका. हा विषाणू लहान आतड्याच्या आतली लव झडवून टाकतो, त्यामुळे पोटात गेलेलं दूध पचतच नाही. मोठ्या जनावरात ती लव लवकर परत येते. आठवडाभर पातळ हगून ते सावरतं. आठवड्याच्या आतल्या पिल्लाला तेवढा वेळ मिळत नाही. या वयात मर ८० टक्क्यांवर जाऊ शकते.

हगवणीची कारणं अनेक असतात. ई-कोलाय हा जिवाणू असतो, रोटाव्हायरस हा दुसरा विषाणू असतो, साधारण पाचव्या दिवसानंतर कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी असतात. एकाच मादीची पिल्लं आजारी असतील तर आधी या कारणांकडे बघा. पण एक-दोन दिवसांत शेडभर सगळ्या वेतांना उलटी-हगवण लागली आणि माद्यांनीही चारा सोडला, तर कोरोना गटाचा संशय धरा. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. पशुवैद्यकांना सांगून ताजी विष्ठा आणि नुकत्याच मेलेल्या पिल्लाचं आतडं बर्फात पाठवा. जवळचा दवाखाना बंद असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. आणि पिल्लंच नव्हे तर सगळ्या वयाची जनावरं तापाने फणफणून, कातडी लाल-जांभळी होऊन पटापट मरत असतील, तर तो आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा वेगळाच जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो. २०२० पासून तो आपल्या देशात आहे. त्याची खबर त्याच दिवशी द्यायची, एकही जनावर विकायचं नाही.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दुय्यम जंतुसंसर्गासाठी डॉक्टर देतील तेवढंच द्या. पिल्लू वाचतं ते पाण्यावर आणि उबेवर. साधं ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवून उथळ परातीत ठेवा, दिवसातून दोन-तीनदा बदला. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते, मादीला मात्र १८-२० अंशच बरं वाटतं. म्हणून सगळी शेड तापवू नका. कोपऱ्यात फळ्यांची पेटी करा, खाली कोरडा भाताचा पेंढा, वर बल्ब. वायर मादीच्या तोंडाला येणार नाही एवढी उंच बांधा. आणि चीक जन्मल्यापासून पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे. दुबळ्या पिल्लाला हाताने धरून सडाला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विषाणू येतो कुठून. माझ्या मते आपल्याकडे सर्वात मोठी वाट म्हणजे व्यापाऱ्याचा टेम्पो. तो एका दिवसात पाच शेडांवर फिरतो, फळीवर आधीच्या माणसाच्या डुकरांचं शेण वाळलेलं असतं. टेम्पो फाटकाबाहेरच उभा करायला लावा आणि जनावर तुम्ही बाहेर नेऊन द्या. व्यापारी रागावला तरी चालेल. हॉटेलचं उष्टं आणणारे ड्रमही असेच फिरतात. ते बाहेर उतरवा, खरकटं उकळूनच घाला. शेडच्या दाराशी स्वतंत्र गमबूट ठेवा, व्यालेल्या माद्यांकडे आधी जा, आजाऱ्यांकडे शेवटी. नवं जनावर तीन-चार आठवडे वेगळं.

धुण्यात लोक घाई करतात. शेणावर जंतुनाशक ओतून काही उपयोग नाही. आधी खरवडा, मग साबणाच्या पाण्याने घासा, सुकू द्या, मग ब्लीचिंग पावडरचं द्रावण मारा आणि पुन्हा सुकू द्या. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. मेलेली पिल्लं ओढ्यात टाकायची नाहीत. खोल खड्डा, वर चुना.

माणसाला धोका किती, हे घरातली बाई-माणसं हमखास विचारतात, आणि त्यांना सरळ उत्तर मिळायला हवं. टीजीई आणि पीईडी माणसाला झाल्याचा पुरावा नाही. २०१९ चा माणसांचा कोरोना डुकरांना सहजासहजी लागत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. डेल्टाकोरोना नावाचा डुकरांचा विषाणू मात्र २०१४-१५ मध्ये हैतीतल्या तीन मुलांच्या रक्तात सापडला होता. ती मुलं तापाने आजारी होती. वटवाघळांकडून आलेला चीनमधला विषाणू माणसाच्या पेशींमध्ये वाढतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, माणसाला तो झालेला नाही. म्हणून घाबरू नका, पण शेणाच्या हाताने तंबाखू मळू नका. लहान मुलांना अनवाणी शेडमध्ये नेऊ नका. तुम्हाला स्वतःला ताप-खोकला असेल तर शेडची कामं दुसऱ्याला द्या; २००९ चा फ्लू माणसांकडून डुकरांत गेला होता.

नीट शिजवलेल्या मांसाची भीती बाळगायचं कारण नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने आपले कुक्कुटपालक कसे बुडाले, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. शेडमध्ये हगवण निघाली तर पशुवैद्यकांना सांगा, शेजारच्या वराहपालकाला सांगा, आणि ती थांबल्यावरही शेड धुऊन, सुकवून, काही दिवस रिकामी ठेवूनच पुढची मादी आत घ्या.