बँडवाल्याने फिल्मचं पार्श्वसंगीत करताना

चार-पाच वाद्यं हाताळता येणाऱ्याला सगळं आपणच वाजवायचा मोह होतो. तो आवरायला शिका, बाकीचं हिशेबाचं काम आहे. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा जॉनी ग्रीनवुड गिटार, कीबोर्ड, ओंद मार्तेनो (एक जुनं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवतो, शाळेत व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) शिकलेला. तरी 2007 च्या 'देअर विल बी ब्लड' या फिल्मआधी 2003 मध्ये त्याने एका माहितीपटाला संगीत दिलं आणि 2004 पासून बीबीसीच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं. मोठी फिल्म त्यानंतर आली.

सुरुवात एडिटरपासून करा. कट लॉक झालाय ना, म्हणजे एडिटिंग आता बदलणार नाही ना, हे विचारा आणि टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) पडद्यावर दिसेल अशी फाइल मागा. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, लेखी घ्या. 24 आणि 23.976 मध्ये फरक हजारात एकाचाच, पण संगीताच्या 3 मिनिटांच्या तुकड्यात तो 0.18 सेकंद होतो, म्हणजे चार फ्रेमहून जास्त. दार आपटतं एकीकडे, ड्रम वाजतो दुसरीकडे.

मग दिग्दर्शकासोबत बसून प्रत्येक तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि का आहे, हे टाइमकोडसकट लिहून काढा. 'का'चं उत्तर मिळालं नाही तर तिथे संगीत नको.

टेम्पो अंदाजाने धरू नका. तुकडा सुरू झाल्यापासून 32 व्या सेकंदाला नायिका वळते आणि तिथेच सम हवी. 4/4 मध्ये बारा आवर्तनांच्या 48 मात्रा, गुणिले 60, भागिले 32, म्हणजे 90 बीपीएम (मिनिटाला 90 मात्रा). पहिली मात्रा शून्य सेकंदावर धरली की 49 वी, म्हणजे तेराव्या आवर्तनाची सम, बरोबर वळण्यावर येते. उत्तर 87.3 असं आलं तरी चालतं, क्लिकला (वाजवताना कानात चालणाऱ्या मेट्रोनोमला) काही अडत नाही.

गिटारवाले स्ट्रिंग्ज (व्हायोलिन, व्हायोला, चेलो) लिहिताना हमखास गडबडतात. गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहिलेलं असतं. ते तसंच व्हायोलिनला दिलं तर सगळं एक सप्तक चढतं. खरा सूर लिहायला गेलात तर दुसरी अडचण: गिटारची तिसरी तार मोकळी वाजवल्यावर येणारा जी हाच व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर. त्याखालचं काहीच व्हायोलिनवर नाही. व्हायोला गिटारच्या पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपर्यंत उतरतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा ई हवा असेल तर चेलोच. आणि पॉवर कॉर्डची (मूळ स्वर, पंचम आणि वरचा सप्तक एकत्र) सवय असली तरी खालच्या पट्टीत तीनतीन स्वर कोंबू नका, गाळ होतो. तिथे दोनच स्वर, पंचम किंवा सप्तकाच्या अंतरावर ठेवा.

अनेक वाद्यं येण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. एका वाद्याची बोटं दुसऱ्यावर चालवता येतात. 'द पॉवर ऑफ द डॉग'साठी (2021) ग्रीनवुडने चेलो बँजोसारखा बोटांनी छेडला. सॅम्पल लायब्ररीत (आधीच रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या संग्रहात) असलं काही तयार मिळत नाही.

संवादाखाली डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटलेला आवाज) लावू नका. साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये व्यंजनं ऐकू येतात आणि डिस्टॉर्शनही तिथेच पसरतं. इक्यूने (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाने) तो पट्टा कापण्यापेक्षा वाद्याचा भागच खालच्या सप्तकात न्या, किंवा वाक्य संपेपर्यंत थांबा.

फाइल 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची, 24 बिट वेव्ह द्या. 44.1 ची फाइल न बदलता 48 च्या सेशनमध्ये पडली तर जवळजवळ 9 टक्के जास्त वेगाने धावते आणि सुमारे दीड सेमीटोन चढते. तालवाद्यं, स्ट्रिंग्ज, गिटार, सिंथ यांचे स्टेम, म्हणजे प्रत्येक गटाची स्वतंत्र फाइल, वेगळे काढा. सगळे एकाच बिंदूपासून सुरू व्हायला हवेत, मध्ये शांतता असली तरी. फाइलच्या नावात तुकड्याचा क्रमांक आणि सुरुवातीचा टाइमकोड घाला.

जुनं संगीत पुन्हा वापरणार असाल तर आधी विचार करा. 'देअर विल बी ब्लड'मध्ये ग्रीनवुडच्या आधीच्या रचनेचे भाग होते, म्हणून ते संगीत ऑस्करसाठी अपात्र ठरलं. आणि बँडसोबत रचलेली धून असेल तर ज्यांचा ज्यांचा तिच्यात वाटा आहे, त्या प्रत्येकाची लेखी परवानगी मिक्सिंगच्या आधी हातात हवी.