स्विमिंग पूल गरम करायचाय? आधी सांगा, पोहणार कधी

लोणावळा-खंडाळ्यातल्या बंगल्यांच्या स्विमिंग पूलची देखभाल हा माझा व्यवसाय. दिवाळी आटोपली की फोन सुरू होतात: "ताई, पाणी फार गार लागतंय, हिटर बसवायचाय. गॅसचा घेऊ की विजेचा?" मी उलट विचारते, तुमच्याकडे पाण्यात रोज कोणी उतरतं की फक्त शनिवार-रविवारी? इंधनाचं उत्तर बहुतेक वेळा याच प्रश्नात सापडतं.

आधी थोडा हिशोब करा, तो कुठल्याही विक्रेत्यावर सोडू नका. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट उष्णता लागते (युनिट तेच, वीजबिलातलं, म्हणजे एक किलोवॉट-तास). ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल पूल म्हणजे ४० हजार लिटर. असा पूल एक अंश तापवायला ४६-४७ युनिट, आणि डिसेंबरातल्या २० अंशांवरून २८ वर न्यायला सुमारे ३७० युनिट. हा ३७० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक इंधन याच्याशीच ताडून पाहायचं आहे.

आणि हिटरच्या आधी पुलावरचं झाकण घ्या. याबाबतीत मी ग्राहकांशी अगदी हट्टाने बोलते. पूल गार होतो तो मुख्यतः पाण्याची वाफ होऊन उडाल्यामुळे. एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ पाऊण युनिट उष्णता घेऊन जातं. थंडीतली हवा कोरडी, त्यात घाटावरचा वारा. आपल्या हिशोबातल्या पुलाची पातळी एका दिवसात नुसती ५ मिलिमीटर उतरली, तरी १६० लिटर पाणी गेलं, म्हणजे शंभराहून जास्त युनिट. दोन अंशांपेक्षा जास्त तापमान तिथेच गमावलं. बुडबुड्यांचं साधं तरंगतं झाकण रोज संध्याकाळी ओढलं, तर गरम ठेवण्याचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. ते ओढायला माणूस नसेल तर रोलरवर गुंडाळलं जाणारं घ्या, पण घ्याच.

आता रोज पोहणाऱ्यांचं पाहू. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेले आजी-आजोबा, सरावाला उतरणारी मुलं. अशा घरी मी निःसंकोच हीट पंप सुचवते. तो वीज जाळून उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात सोडतो. त्यामुळे एक युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता मिळते. आपले ३७० युनिट मग ७५ ते ९० युनिट विजेत होतात. झाकण वापरलं आणि पाणी रात्रीतून एखादा अंशच उतरलं, तर रोजचा खर्च दहा-बारा युनिटांचा.

पण माहितीपत्रक नीट वाचा. मोठ्या अक्षरात लिहिलेली क्षमता २६-२७ अंशांच्या दमट हवेतली असते. त्याखाली बारीक अक्षरात १५ अंश हवेची ओळ शोधा, आपली थंडी त्या ओळीत आहे. १६ किलोवॉटचं यंत्र तिथे ११-१२ वर आलेलं दिसेल. म्हणून हीट पंप पहाटे चालवू नका, सकाळी नऊ-दहानंतर ऊन तापलं की चालवा. तो पंप रूममध्ये कोंडायचाही नाही. स्वतःच बाहेर टाकलेली गार हवा तो परत ओढत बसतो आणि वीज मात्र तेवढीच खातो. उघड्यावर, शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीपासून लांब ठेवा. आतली गुंडाळी टायटॅनियमची हवी, क्लोरीन तिला खात नाही.

फक्त शनिवार-रविवारी येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गार पडलेला पूल वर आणायला हीट पंपाला तीन-चार दिवस लागतात. दोन दिवसांच्या पोहण्यासाठी मंगळवारपासून यंत्र चालवणं मला पटत नाही. इथे गॅस कामाचा. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून हिटरची घट धरून सुमारे २०० युनिट उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे आपल्या पुलाला पहिल्या तापवणीला दोन सिलिंडर. ४० किलोवॉटचा हिटर शुक्रवारी सकाळी लावला तर रात्रीपर्यंत पाणी तयार.

सिलिंडर एकच जोडून चालत नाही. एवढा गॅस एकदम ओढला की तो गारठतो, बाहेरून दव धरतो आणि ज्योत मंदावते. चार-पाच सिलिंडर एकत्र जोडावे लागतात. १०० किलोच्या वर साठा केला तर परवाना लागतो, म्हणून पाचावर थांबा. घरातला लाल सिलिंडर स्वयंपाकासाठी आहे, तो इथे लावायचा नाही.

आणि हे कृपया मनावर घ्या: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. आपल्याकडे बहुतेक पंप रूम जमिनीखाली खड्ड्यात असतात. गळती झाली तर गॅस तिथेच साचणार आणि मोटरची एक ठिणगी पुरेल. गॅसचा हिटर आणि सिलिंडर दोन्ही जमिनीवर, मोकळ्या हवेत, धुराड्यासह. कोणी स्वस्तात बाथरूमचा गॅस गिझर जोडून देतो म्हणाला तर त्याला परत पाठवा. तुमच्या भागात पाइपचा गॅस आला असेल तर उत्तमच, तो हलका असतो आणि साठवावा लागत नाही. १०० युनिट उष्णतेला साधारण १२ घनमीटर धरा आणि तुमच्या बिलातल्या दराने गुणा.

साध्या कॉइलच्या हिटरला ३७० च्या ३७० युनिट वीज लागते. आपल्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर चढत जातात, तेव्हा सगळी भर सर्वात महाग टप्प्यात पडणार. लहान जकुझी सोडून कुठेही नको. लाकडाच्या भट्टीला अशा पुलासाठी दीड-पावणेदोनशे किलो लाकूड लागेल. सह्याद्रीत राहून मी ते कोणाला सुचवणार नाही.

सूर्य मला सगळ्यात जवळचा. गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चटया पसरायच्या आणि फिल्टरचंच पाणी त्यांतून फिरवायचं. पुलाच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापासून पूर्ण एवढी जागा हवी, तोंड दक्षिणेला. २५ चौरस मीटरच्या चटया स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे दीड अंश वाढवतात, इंधन फुकट. पावसाळ्यात मात्र लोणावळ्याच्या ढगांखाली त्यांचा काही उपयोग नाही. बाथरूमची काचेच्या नळ्यांची सोलर टाकी क्लोरीनच्या पाण्याला जोडू नका.

गच्ची लहान असेल तर तिच्यावर वीज तयार करा. ३ किलोवॉटचे पॅनल दिवसाला साधारण १२ युनिट देतात, म्हणजे हीट पंपाची रोजची गरज जवळजवळ भागते. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तेवढ्या पॅनलवर ७८ हजार रुपये अनुदान आहे. रोज पोहणाऱ्या घरांना मी आता हीच जोडी सुचवते.

कोणताही हिटर घ्या, जोडणी करताना तो फिल्टरनंतर आणि क्लोरीन सोडण्याच्या जागेआधी बसवून घ्या, सोबत बायपासचा, म्हणजे हिटर टाळून पाणी पुढे नेणारा व्हॉल्व्ह हवा. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा; तो खाली गेला की पाणी आम्ल होतं. आम्ल पाणी गॅस हिटरमधलं तांबं खातं, आणि टाइलवर हिरवट डाग दिसू लागले की समजा, सुरुवात झाली आहे.