‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या पुरुषांनी या चुका टाळा

बीपी १५०/९५ असलं तरी बहुतेकांचं डोकं दुखत नाही. उपाशीपोटी साखर १३० आली तरी भूक आणि झोप नेहमीसारखीच राहते. त्यामुळे ‘त्रास झाला की दाखवू’ हा हिशेब पुरुषांना सगळ्यात महाग पडतो. दुसरी चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तपासणी होते, पण चुकीच्या पद्धतीने होते. मग आकडा खोटा येतो आणि त्यावरून घेतलेला निर्णयही चुकतो. पुढे वयाप्रमाणे चुका दिल्या आहेत. मात्र तिशीत सांगितलेल्या गोष्टी साठीतल्या माणसालाही तेवढ्याच लागू आहेत.

विशीच्या आसपास: लाजेपोटी घालवलेले तास

अंडकोषात अचानक, एकाच बाजूला जोरात दुखायला लागलं, सोबत मळमळ किंवा ओटीपोटात कळ असेल, तर तो अंडकोषाला पडलेला पीळ असू शकतो. त्यात रक्तपुरवठा बंद पडतो. साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो, त्यानंतर शक्यता झपाट्याने कमी होत जाते. मुलं घरी ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतात, घरचे ओवा देतात, आणि रात्र निघून जाते. वयात आलेल्या मुलाला ही एक गोष्ट वडिलांनी आधीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. अशा वेळी सकाळची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलचा आपत्कालीन विभाग गाठायचा.

न दुखणारी गाठ वेगळी. १५ ते ४० या वयात अंडकोषाच्या कॅन्सरची शक्यता त्यातल्या त्यात जास्त असते, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर अंगठा आणि बोटांमध्ये अंडकोष हलकेच फिरवून बघा. मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखा भाग लागतो, तो नैसर्गिक आहे. एक बाजू थोडी खाली असणंही नैसर्गिक. अंडकोषालाच चिकटलेली कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. ‘दुखत नाही म्हणजे साधी असेल’ हा अंदाज इथे नेमका उलटा ठरतो.

जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूकडून अंडकोषांना जाणारा आदेश थांबतो आणि शुक्रजंतू तयार होणं बंद पडतं. ते पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात, काहींचं पूर्ण होतही नाही. क्रिएटिन पावडर घेत असाल तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीत बघतात तो आकडा) थोडं जास्त दिसू शकतं. ते डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर किडनीची विनाकारण धास्ती बसते. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. अशा तपासणीआधी गोळी किमान २ दिवस बंद ठेवावी लागते, किती ते लॅबला विचारून घ्या.

तिशीपासून: बीपी, साखर आणि कमरेचं माप

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, साखर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत होते. आशाताई फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा पुरुष कामावर असतो. मग तंबाखू, दारू, व्यायाम यांची उत्तरं घरातलं कुणीतरी अंदाजाने देतं, आणि कमरेचं माप तर राहूनच जातं. ते माप आपण स्वतः घेऊन ठेवावं.

माप घेताना पँटचा नंबर सांगू नका. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, त्यामुळे पोट १०० सेंटिमीटर असलं तरी पँट ३४ ची बसते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या वर धोका सुरू होतो. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण वजनकाट्यावर पकडली जात नाही, टेपवर लगेच दिसते.

बीपी मोजण्यात सर्वाधिक चुका होतात. जिना चढून, चहा पिऊन, लघवी दाबून खुर्चीत बसायचं आणि शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधायचा, असं केलं तर आकडा खोटा येणारच. नीट पद्धत अशी: आधीचा अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको, बोलणं नको, मोबाइल नको. उघड्या दंडावर पट्टा कोपराच्या घडीच्या साधारण २ सेंटिमीटर वर बांधा. हात टेबलावर टेकलेला आणि दंड छातीच्या पातळीला हवा. १ मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सरासरी लिहा.

आकडा विचित्र वाटला तर या क्रमाने शोधा. दोन वाचनांत खूप फरक पडतोय का? मग बसण्याची शांतता कमी पडली, आणखी ५ मिनिटं थांबून पुन्हा घ्या. दंड जाड आणि पट्टा लहान आहे का? लहान पट्टा बीपी खोटं जास्त दाखवतो, मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. हात लोंबकळत आहे का? त्यानेही आकडा वाढतो. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचं घ्या आणि पुढे ज्या हातात जास्त येतं तोच वापरा. फरक सतत १५ पेक्षा जास्त राहिला तर डॉक्टरांना सांगा. मनगटावरची यंत्रं हाताच्या स्थितीला फार नाजूक असतात, दंडावरचंच घ्यावं.

निदानासाठी ७ दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी आणि संध्याकाळी, असं मोजतात. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलण्यात अडखळणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. गोळी सुरू झाल्यावर बीपी नॉर्मल आलं की ती बंद करणं ही पुढची ठरलेली चूक. आकडा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

साखरेचं गणितही असंच बिघडतं. उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास फक्त पाणी. ‘बिनसाखरेचा अर्धा कप चहा’ही नको. जेवणानंतरच्या तपासणीचे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्या दिवशी पोळीऐवजी काकडी खाणारे बरेच असतात. तसं केलं तर रोजच्या जेवणावर साखर किती चढते ते कळतच नाही. मधुमेहाचं औषध चालू असेल तर जेवणाबरोबरची नेहमीची गोळी घेऊनच दुसरं रक्त द्या.

उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा जास्त आली आणि लक्षणं नसतील, तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री झाल्यावर निदान होतं. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणी ६.५ ला मधुमेह दाखवते, पण शरीरात लोह कमी असेल तर ती खोटी वाढू शकते. दोन्ही रिपोर्ट जुळत नसतील तर हिमोग्लोबिन बघायला सांगा.

रोजच्या सवयींत आकडे दोनच धरा. आठवड्याला १५० मिनिटं अशी चाल की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आणि दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. ताटातलं मीठ सोडलं पण पापड, लोणचं आणि फरसाण तसंच राहिलं तर हिशेब जमत नाही.

तंबाखू: आरशात काय बघायचं

मावा, खर्रा, तंबाखू-चुना यातलं काहीही चालू असेल तर महिन्यातून एकदा मोबाइलची टॉर्च लावून तोंड तपासा. गालाच्या आतली बाजू, जिथे गोळी धरता तो कोपरा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, हिरड्या. पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल चट्टा, २ आठवड्यांत न भरलेली जखम यांपैकी काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे जा. मग स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, दातांमध्ये घालून बघा. मावत नसतील किंवा तिखट खाताना आग होत असेल तर ते सुपारीमुळे आतली त्वचा आखडल्याचं लक्षण असू शकतं. ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ हा उपाय म्हणूनच फसवा आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे.

चाळिशी-पन्नाशी: नाव चुकीचं दिलेली दुखणी

‘गॅस झालाय’ या दोन शब्दांनी अनेकांचे मोलाचे तास गेले आहेत. छातीवर दाब, घाम, जबडा किंवा हातात कळ, वरच्या पोटात जळजळीसारखं दुखणं असं १५ मिनिटांपेक्षा जास्त टिकलं तर सोडा पिऊन बघू नका. मधुमेही माणसाला तर छातीत न दुखता नुसता दम आणि घाम येऊ शकतो. स्वतः बाइक चालवत जाऊ नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी परत येऊ नका, त्रास चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी, बघतात.

शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीतल्या दुखण्यावरची जिभेखाली ठेवायची गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आदल्या रात्री सिल्डेनाफिल (लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी) घेतलं असेल तर सॉर्बिट्रेटने बीपी धोकादायक खाली जातं. त्याच प्रकारच्या टाडालाफिलचा परिणाम तर ४८ तास धरतात. ताठरतेची गोळी घेतल्याचं बायकोसमोर सांगायला लाज वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा. आणि मुळात ती गोळी मेडिकलमधून परस्पर आणण्याआधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासा. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे ताठरतेची तक्रार हृदयाच्या तक्रारीच्या काही वर्षं आधी दिसू शकते.

शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, हेही घरी ठरवू नका. पन्नाशीच्या आसपास पोट साफ होण्याची पद्धत बदलली, वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर आतून तपासणी लागते. लघवीतून एकदाच, न दुखता रक्त गेलं तरी दाखवायलाच हवं. सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ फुकट मिळतात म्हणून हुरळून जाऊ नका. त्रास नसलेल्या माणसात सीईए, सीए १९-९ यांनी कॅन्सर शोधता येत नाही, खोटी भीती किंवा खोटा दिलासा मात्र मिळतो.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी, करायची का, हे पन्नाशीला डॉक्टरांशी बोलून ठरवा. वडील किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर हे बोलणं ४५ च्या आधीच व्हावं. लघवीच्या संसर्गात पीएसए वाढतं, तेव्हा बरं झाल्यावर साधारण ६ आठवडे थांबा. आधीचे २ दिवस संभोग आणि लांब सायकलिंग टाळा. केसांसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर काही महिन्यांनी पीएसए निम्मं दिसतं. हे न सांगता दिलेला रिपोर्ट खोटा समाधानकारक असतो.

साठीनंतर

रात्री लघवीला उठून पडणं टाळता येतं. ५ मिनिटं झोपून बीपी घ्या, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसून उठा, रात्री लघवी बसूनच करा.

प्रोस्टेट वाढलेली असेल तर सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका. तिच्यातल्या नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या घटकांमुळे लघवी पूर्ण अडकू शकते, आणि मग नळी घालायची वेळ येते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल आणि जेवण शाकाहारी असेल तर तळव्यांतल्या मुंग्या साखरेच्याच आहेत असं धरून चालू नका. बी१२ तपासून घ्या, कारण त्या कमतरतेतल्या मुंग्यांवर वेळेत इलाज होतो.