फुप्फुस प्लुराच्या पोकळीत नसतं! पहिल्या वर्षाच्या पोरांनो, या चुका टाळा

नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी बेळगावात ॲनाटॉमी शिकवतो. खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडची मुलं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. हुशार असतात, कष्टाळू असतात. पण छातीच्या धड्यावर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेतली की दरवर्षी त्याच चुका, तशाच्या तशा.

सगळ्यात मोठी चूक: "सर, फुप्फुस प्लुरल कॅव्हिटीत असतं." नसतं! प्लुरा म्हणजे फुप्फुसाभोवतीचं दुपदरी पातळ आवरण आणि प्लुरल कॅव्हिटी म्हणजे त्या दोन पदरांमधली पोकळी. त्या पोकळीत असतो फक्त काही मिलिलिटर पातळ द्रव. पाठांतराने हे डोक्यात शिरत नाही, म्हणून मी वर्गात रिकामं पोतं घेऊन जातो. रोप लावणीला निघताना आपण पोत्याची खोळ करतो ना? एक कोपरा आत दाबून दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा आणि डोक्यावर घ्यायचं. आता सांगा, डोकं कुठे आहे? दोन पदरांच्या खाली. ज्या जागेत भात भरला होता, त्या जागेत नाही. ती दोन पदरांमध्ये मिटली. डोकं म्हणजे फुप्फुस. डोक्याला चिकटलेला पदर म्हणजे व्हिसरल प्लुरा, बाहेरचा, बरगड्यांकडचा, परायटल. मिटलेली जागा ती कॅव्हिटी. दोन्ही पदर हायलमपाशी, म्हणजे फुप्फुसात नळ्या-रक्तवाहिन्या शिरतात तिथे, एकमेकांना मिळतात. आणि उजव्या-डाव्या फुप्फुसाचं पोतं वेगवेगळं, हे विसरू नका.

ही चूक नुसते गुण घालवत नाही. खानापूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या काकांना दम लागायचा. एक्स-रेत उजव्या बाजूला प्लुरात पाणी दिसलं, डॉक्टरांनी सुईने काढायचं ठरवलं. घरात मेडिकलचं शिकणारा हा एकटाच. त्याने समजावलं, "फुप्फुसात पाणी झालंय, फुप्फुसात सुई घालणार." घरच्यांनी धसका घेतला आणि काकांना गावी परत नेलं. बारा दिवसांनी आणलं तेव्हा त्यांना आडवं पडता येत नव्हतं, एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. पोराचा रडत फोन आला. मी पोतं घेऊनच वॉर्डात गेलो. काकूंसमोर खोळ केली, दोन पदरांमध्ये हात घालून दाखवला.

"म्हणजे पाणी फुप्फुसात नाहीच म्हणा की, सर?"

"नाही वहिनी. बाहेर साठलंय आणि फुप्फुसाला दाबून धरलंय. सुई जाणार ती या दोन पदरांच्या मध्ये."

त्यांनी अंगठा दिला. लिटरभराच्या वर पाणी निघालं. टीबी होता, सहा महिने गोळ्या घेऊन काका बरे झाले.

खरोखर फुप्फुसाच्या आत, वायुकोशांत पाणी होणं हा वेगळाच आजार. तो बऱ्याचदा हृदय कमजोर झाल्याने होतो, आणि ते पाणी सुईने निघत नाही. दोन्हींना मराठीत 'पाणी झालंय' एवढंच म्हणू नका. कुठे झालंय ते सांगा.

सुईवरून आठवलं. "बरगडीखालून टोचायचं" असं उत्तर दिलंत की मी पुढचा प्रश्न विचारत नाही. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खाचेत शीर, धमनी आणि मज्जातंतू असतात. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून जाते. स्वतःच्या बरगडीवर बोट ठेवून दहा वेळा म्हणा.

आकडे दोनच ओळींचे आहेत. फुप्फुसाची खालची सीमा समोर ६वी, बगलेच्या रेषेत ८वी, पाठीमागे १०वी बरगडी. प्लुराची ८, १०, १२. ही दोन बरगड्यांची तफावत म्हणजेच पाणी साठायची जागा. मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ बघून हे येत नाही. फळ्याचा फोटो काढणाऱ्यांपैकी पुन्हा तो फोटो उघडणारे मी फार थोडे पाहिलेत. हाताने चित्र काढा, रोज एक.

"फुप्फुस दुखतंय" असं लिहू नका. फुप्फुसाला आणि व्हिसरल प्लुराला ती टोचरी कळ कळत नाही. दुखतो तो परायटल. डायफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याच्या, मधल्या भागावरचा दुखला तर कळ खांद्यात येते.

शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर बहुधा उजवीकडे, कारण उजवा ब्राँकस, म्हणजे श्वासनलिकेची उजवी फांदी, रुंद, आखूड आणि जास्त उभा असतो. 'उजवीकडे' एवढं पाठ असतं. कारण विचारलं की गप्प.

खाटकाकडून बकऱ्याचं फुप्फुस आणून बघा, हे मीच सांगतो. दाबलं की बोटांखाली कुरकुरतं, तुकडा पाण्यावर तरंगतो. हे पुस्तकात कळत नाही. पण त्यावर खंड, म्हणजे फुप्फुसाचे मोठे भाग, मोजू नका. बकऱ्याच्या उजव्या फुप्फुसाला चार खंड असतात, आणि वरच्या खंडाची नळी थेट श्वासनलिकेतूनच फुटते. माणसाला उजवीकडे तीन, डावीकडे दोन.

शेवटचं, स्टेथोस्कोप मिळाल्याबरोबर फक्त पाठ ऐकणाऱ्यांसाठी. पाठीवर ऐकू येतो तो मुख्यतः खालचा खंड. उजवा मधला खंड पुढून ऐकायचा, चौथ्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये. पेशंटला सदरा काढायला सांगायचा संकोच वाटतो म्हणून तो सोडू नका.